जहाजाला पायऱ्या किती?

"जहाज मध्ये चहाला कुठं थांबतं?" हा प्रश्न त्या हिवाळ्यात मला अकरा जणांनी विचारला. पहिल्या तिघांना मी हसून उत्तर दिलं. चौथ्यापासून नुसतं उत्तर दिलं. अकराव्याला म्हणाले, "थांबतं की. मध्ये पाण्यात एक टपरी आहे, तिथली भजी चांगली असतात." तो भला माणूस खिशातली वही काढून लिहून घ्यायला लागला, तेव्हा मात्र मीच ओशाळले.

नव्वदच्या दशकातली, मधल्या वर्षांतली गोष्ट. कराडात स्टँडजवळ एका सहल कंपनीच्या ऑफिसात मी नोकरीला होते. कंपनी म्हणजे काय, पहिल्या मजल्यावरची एक खोली, टेबल, फोन, आमचे मालक आणि मी. तोवर आम्ही बसच्या सहली काढायचो. देवदर्शन, धरण, पुन्हा देवदर्शन. त्या वर्षी मालकांच्या डोक्यात अंदमान आलं. मिरजेहून रेल्वेनं मद्रास आणि तिथून तीन दिवस जहाजानं. त्यांनी कुठूनतरी जहाजाचं मोठं पोस्टर आणून माझ्या समोरच्या भिंतीवर लावलं आणि म्हणाले, "चाळीस माणसं भरली तर बायकांच्या सोबतीला तू जायचंस."

ते वाक्य ऐकल्यापासून माझं खुर्चीत बूड टेकेना. मी सव्वीस वर्षांची होते. सांगलीकडची स्थळं दर महिन्याला सांगून येत होती आणि मी दर महिन्याला काहीतरी खोड काढत होते. वडील साताऱ्याच्या सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन आले होते आणि घरातसुद्धा माझ्या जाण्यायेण्याची वेळ घड्याळात बघायचे. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे आणि जिभेला धार. दोन्ही खरं होतं. कराडात राहून माझा जीव गुदमरत होता, असं आज सरळ सांगते. तेव्हा सांगता येत नव्हतं, म्हणून चिडचिड करायचे.

आणि चिडायला लोकांनी कारणं तरी किती पुरवावीत. एसटीच्या मागच्या बाकावर गचके बसतात हे आमच्याकडं जन्मापासून माहीत असतं, त्यामुळं प्रत्येकाला जहाजात पुढची सीट हवी होती. एका बाईंनी विचारलं, समुद्राच्या पाण्यात साबणाला फेस येतो का. दुसऱ्या बाईंची संकष्टी जहाजात येत होती. उपास सोडायला चंद्रोदय कॅलेंडरातला कराडचा धरायचा, का समुद्रातला, आणि समुद्रातला धरायचा तर तो कुणी छापलाय? एक गृहस्थ उत्तरेला डोकं करून कधी झोपत नसत. झोपेत जहाज वळलं तर उठून उलटं झोपायचं का, आणि वळणार हे आधी कुणी येऊन सांगतं का, हे त्यांना लेखी हवं होतं. साताऱ्याहून एक निवृत्त सुभेदार यायचे. ते उभ्यानंच विचारायचे, "बेटा, ड्रायव्हर किती? एक झोपला तर दुसरा ड्यूटीवर पाहिजे." कुंडलचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको, दोघंही बौद्ध, फार सभ्य माणसं. त्यांचा प्रश्न एवढाच होता की पौर्णिमा बोटीत येते, तर तिथला आचारी खिरीपुरती चूल देईल का. त्यांना मी "देईल" म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. मी त्या आचाऱ्याला ओळखत होते थोडीच.

हीच तर गंमत होती. मी जहाज त्या पोस्टरात पाहिलं होतं, तेवढंच. समुद्रसुद्धा एकदाच, शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला, तोही गर्दीतून. आणि तरी दिवसभर मी जहाजाची उत्तरं देत बसायचे. सुरुवातीला मालकांना विचारायचे. मालक म्हणायचे, "काहीतरी सांग गं, गिऱ्हाईक परत जाता कामा नये." मग मी काहीतरी सांगायला लागले. नंतर नंतर तर मला त्यात मजा यायला लागली. गंभीर तोंडानं थाप ठोकून द्यायची आणि समोरच्याची मान हललेली बघायची.

अडतीस माणसं झाली आणि घोडं तिथंच अडलं. दोन हवी होती. त्याच सुमाराला मावशी आल्या.

मावशी म्हणजे माझ्या कुणी नव्हेत. पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या, आटपाडीच्याही पलीकडच्या. धनगर. जन्म मेंढरांमागं गेलेला. आता थोडी शेती होती, थोडी मेंढरं होती. नवऱ्याच्या छातीच्या आजारासाठी दोघं कराडला लेकीकडं येऊन राहिली होती. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच उभ्या राहिल्या, पोस्टरकडं बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाल्या, "ह्यास्नी एकदा समुद्र दावायचा हाय. डागदर म्हनला, काय बघायचं आसंल ते लवकर बघा. ते खाली बसल्यात. जिना चढवत न्हाई त्यास्नी."

मी खिडकीतून पाहिलं. खाली पायरीवर पागोटं घातलेला एक वाळका म्हातारा उन्हात बसला होता. येणाऱ्याजाणाऱ्यांकडं बघत नव्हता, समोरच्या भिंतीकडंही नाही. दूर काहीतरी असल्यासारखा बघत होता आणि समोर तर नुसती ती भिंत होती. त्यांना मी पुढं तात्या म्हणायला लागले.

"मग लिहू का दोघांची नावं?" मी पेन उचललं.

"लिव्ह की. पन आदी इचारते."

आणि मावशींनी विचारायला सुरुवात केली. इतरांचे प्रश्न चहाचे, साबणाचे होते. मावशींचे वेगळे होते. वारं कुठल्या अंगानं येतं? झोपायची जागा ओलसर असती का कोरडी? चूल कुठं असती, आन् धूर कुनीकडं जातो? शेजारी कोन झोपतं? रातीचं ह्यास्नी खोकला लागला तर लोक कावत्यात का? प्यायचं पानी किती दिसांचं भरून घेत्यात, आन् संपलं तर? आजारी मानूस कुठं ठिवत्यात? मी एकाचं उत्तर देते न देते तोवर पुढचा. आठवड्यातून दोनदा त्या यायच्या, जिना चढून, थोडा दम टाकून खुर्चीत बसायच्या, आणि मागच्या वेळची उत्तरं पुन्हा म्हणून दाखवून नवे प्रश्न काढायच्या. माझ्या नाकी नऊ आले. फोन वाजत असायचा, मागं दोन गिऱ्हाइकं उभी असायची, आणि मावशींना जमिनीच्या ओलीचं पडलेलं. मनात म्हणायचे, बाई, भीक नको पण कुत्रं आवर.

एके दिवशी त्यांनी विचारलं, "खालनं वर जायला पायऱ्या किती?"

"कुठल्या खालनं, मावशी?"

"झोपायच्या जागंपास्नं वर उगड्यावर. समुद्र दिसतो तितवर."

"बारा," मी म्हणाले. फोन उचलता उचलता. बारा का, तर तोंडाला आलं ते. पंधरा आलं असतं तर पंधरा म्हणाले असते.

"बारा," त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजून पाहिलं. मग माझ्याकडं सरळ बघत म्हणाल्या, "तू जाऊन आलीयास न्हवं?"

आता इथं मला नाही म्हणता आलं असतं. खुशाल. पण पुढं अडतीस नावांची यादी होती, भिंतीवर जहाज होतं, आणि त्या संध्याकाळी सांगलीचा एक साखर कारखान्यातला मुलगा मला बघायला येणार होता. मी म्हणाले, "हो तर. दोनदा."

"मग लिव्ह," मावशी म्हणाल्या.

चाळीस झाले. मालकांनी पेढे आणले. मी घरी जाऊन त्या कारखानेवाल्याला इतकी उद्धट उत्तरं दिली की वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी जहाजावर जाणार होते.

पण जाणार म्हटल्यावर स्वस्थ बसेन ती मी कसली. झोप लागायची नाही. पहाटे उठून बसायचे आणि उजाडलं की घाटाकडं फिरायला जायचे. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात तिथं, पाण्याकडं तोंड करून उभं राहायचं, आणि हेच पाणी पुढं कुठंतरी समुद्राला मिळतं असा विचार करायचा. तेवढाच दिलासा. जायला अजून तीन आठवडे होते.

एका सकाळी घाटावर मला तात्या दिसले. पाण्याच्या बाजूनं वर येत होते. एका हाताला काठी, दुसऱ्या हाताला मावशी. एकेक पायरी. मावशी मोठ्यानं मोजत होत्या, सात, आठ, थांबा, दम घ्या, नऊ. बारा झाल्यावर त्या म्हणाल्या, "बास. बारा झाल्या." तात्या तिथंच बसले. छाती भात्यासारखी हलत होती. मावशींनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि मला बघून म्हणाल्या, "बघ, पोरी, ह्यास्नी चार बी जमत न्हवत्या. रोज सकाळी आनते. आता बारा जमत्यात. तुझ्या बारा."

तुझ्या बारा. मी काहीतरी पुटपुटून निघाले, पुलापर्यंत गेले, आणि परत फिरले. मला वाईट वाटत होतं म्हणून नव्हे. भीती वाटत होती. तेरावी पायरी असली तर, हा विचार एकदा आला आणि मग जाईना.

परत आले तेव्हा ती दोघं तिथंच बसली होती. मी उभ्यानंच सांगून टाकलं. "मावशी, मी जहाजावर कधी गेले नाही. बारा मी अशाच सांगितल्या. वाऱ्याचं, धुराचं, सगळंच. मला काही माहीत नाही."

तात्यांनी पाण्याकडचं तोंड वळवलं आणि माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. मला वाटलं आता शिव्या पडतील. पडायला हव्या होत्या.

"आमचा वाडा हलायचा आसला की," मावशी हळू म्हणाल्या. धनगरांचा वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, बायकापोरं, सगळा चालता संसार, हे मला ठाऊक होतं. "वाडा हलायचा आसला की एक मानूस आदी म्होरं जातो. जागा बघतो. वारं बघतो. तिथलं पानी पिऊन बघतो. मग माघारी येऊन सांगतो, आन् त्यानं सांगितल्याबिगर कोन काठी उचलत न्हाई. हे जायचे म्होरं, तरनेपनी. आता ह्येंच्यानं हुईना, म्हनून तुला इचारत हुते. तू बघून आलीस म्हनलीस. न बघता जागा सांगितली तर मेंढरं मरत्यात, पोरी."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मला रडू आलं आणि रडू आल्याचाच राग आला. मी म्हणाले, "मग नका येऊ. मी मालकांना सांगते. माझंही जाणं रद्द होईल, होऊ दे."

"तुझं का रद्द?" मावशींनी विचारलं. मग मी चाळिसाची अट सांगितली. तात्या तेव्हा बोलले, पहिल्यांदाच. घोगरा, बारीक आवाज. "मग तिला जाऊ दे की म्होरं."

त्याच दिवशी मावशी ऑफिसात आल्या आणि मालकांसमोर बसल्या. "आमच्या दोन जागा म्होरल्या सालाला धरा. पन ही पोरगी आत्ता जाऊ दे. ही बघून आली न्हाई तर आमी म्होरल्या साली बी येनार न्हाई, आन् आमच्याकडची कोनच येनार न्हाई." मालक माझ्याकडं बघत राहिले. या बाईला काय भूल घातलीस, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं. पण घेतलेले पैसे परत करण्यापेक्षा पुढच्या वर्षीची दोन माणसं बरी, असा हिशोब त्यांनी मनात केला असणार. ते म्हणाले, "बरं."

अशी मी जहाजावर गेले. इतकी धडपड करून गेले आणि जाताना मनात आनंद म्हणाल तर अर्धाच. दुसऱ्या अर्ध्यात तात्यांची छाती हलत होती. डॉक्टरनं लवकर बघा म्हटलं होतं आणि माझ्यापायी त्यांचं वर्ष जाणार होतं. वर्ष त्यांच्याकडं आहे की नाही, हे कुणाला माहीत?

मी एक दोनशेपानी वही घेतली होती. मद्रासला धक्क्यावर पाय ठेवला तेव्हापासून लिहायला लागले. वारं कुठून. धूर कुठून. पाण्याचे नळ किती, चव कशी. खाली झोपायच्या जागी एकावर एक फळ्या, ओल नाही, पण तेलाचा वास. डॉक्टर आहे, तरणा आहे, बोलायला बरा आहे. साबणाला फेस येतो, कारण नळाचं पाणी गोडं असतं. आचाऱ्याच्या हातापाया पडून पौर्णिमेची खीर झाली आणि कुंडलच्या गुरुजींनी पहिली वाटी मला दिली. संकष्टीवाल्या बाईंनी समुद्रातून चंद्र वर येताना पाहिला आणि कॅलेंडर आठवायचं राहून गेलं. सुभेदारांनी ड्रायव्हर मोजले आणि समाधानानं मला रिपोर्ट दिला. उत्तरेला डोकं न करणारे गृहस्थ तीनही रात्री बसून राहिले.

आणि पायऱ्या. मी त्या चार वेळा मोजल्या. झोपायच्या जागेपासून उघड्या डेकपर्यंत चव्वेचाळीस. लोखंडी, उभ्या, अरुंद. चौथ्यांदा मोजून वर आले तेव्हा कठड्याला खेटून उभे राहिलेले आमचे लोक खाली परतत होते. "कुठं होता ताई?" गुरुजींच्या बायकोनं विचारलं. "आत्ताच किनारा दिसायचा बंद झाला. काय सांगू तुम्हाला." मी चव्वेचाळीस लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

परत आल्यावर दुसऱ्याच रविवारी मी एसटीनं त्यांच्या गावाला गेले. तोवर ती दोघं घरी परतली होती. उन्हं तापायला लागली होती. विट्याच्या पुढं हिरवं काही उरत नाही, नुसता माळ आणि बाभळी. घरासमोर काटेरी कुंपणात मेंढरं होती. तात्या बाजेवर बसले होते, पहिल्यापेक्षा बारीक झालेले. मावशींनी तांब्याभर पाणी दिलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "सांग."

मी दीड तास सांगितलं. वहीतलं पानन्‌पान. मावशी मध्ये मध्ये अडवायच्या, पुन्हा विचारायच्या, आणि या वेळी मला एकदाही राग आला नाही. चव्वेचाळीस म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं. "लय हैत," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "खोटं सांगायचं नाही म्हणून सांगितलं." त्यांनी मान हलवली.

सगळं संपल्यावर तात्यांनी विचारलं, "म्या एक इचारू?"

"विचारा की."

"आपन निघालो. जमीन मागं दिसती. मग दिसायची बंद हुती. तर ती एकदम जाती, का हळूहळू?"

मी वही चाळली. उगीच. त्यात ते नव्हतं हे मला माहीत होतं. दोनशे पानांत ती एक गोष्ट नव्हती. मला सहज सांगता आलं असतं, हळूहळू जाते तात्या. कुणालाही तसंच वाटेल. आणि कोण तपासायला जाणार होतं? पण त्या म्हाताऱ्याला आयुष्यभर एखादा डोंगर, एखादं देऊळ कायम दिसत आलेलं होतं आणि त्यावरून त्यानं वाट धरली होती. ती खूण जाते कशी, त्याला तेवढंच हवं होतं.

"मी पाहिलं नाही," मी म्हणाले. "त्या वेळी मी खाली होते. पायऱ्या मोजत होते."

तात्या खुदकन हसले. मग खोकला आला. नंतर ते मावशींना म्हणाले, "उद्यापास्नं चव्वेचाळीस."

ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. पूर्वी मला मी जाणार म्हणून झोप नव्हती, आता तात्या जाणार का म्हणून नव्हती. गिऱ्हाइकांचे प्रश्न तसेच होते. आता मात्र मला उत्तरं माहीत होती, आणि माहीत नसलं तर मी तसं सांगायचे. मालकांना ते आवडायचं नाही. सांगलीची स्थळं थांबली नव्हती. कराडातली लेक अधूनमधून यायची. मी तिला आधी पायऱ्या विचारायचे, मग बाकीचं. गावच्या देवळाला पायऱ्या होत्या, तिथं चढवतात म्हणाली. वैशाखात पंधरा होत होत्या. आषाढात हवा दमट झाली, तात्या आजारी झाले, पुन्हा चारवर आले. त्या महिन्यात मी आईवर, फोनवर, पोस्टरवर, सगळ्यांवर डाफरले. दिवाळीत वीस. निघायच्या आधी लेक आली आणि म्हणाली, "एकतीस. त्याच्या म्होरं न्हाई जात. डॉक्टर प्रवासाची चिठ्ठी द्यायला नाखूश होता, पण आई त्याला इतकं विचारत बसली की त्यानं शेवटी कंटाळून दिली."

एकतीस. मी ऑफिसातल्या टेबलाशी बसून चव्वेचाळीसातून एकतीस वजा केले. तेरा उरतात हे काय मला माहीत नव्हतं? तरी केले.

जहाजात खाली सामान ठेवलं, आणि दुपारी सुटायचा भोंगा व्हायच्या आधीच मावशी तात्यांना घेऊन जिन्याशी आल्या. मी मागं. सुभेदार पुन्हा आले होते, या वेळी बायकोला घेऊन. ते सगळ्यात पुढं झाले आणि वरून येणाऱ्यांना थांबवून जिना मोकळा केला. मावशी मोजत होत्या. एकतीसवर तात्या बसले. तोंड काळं पडलं होतं. मागं रांग लागली आणि खालून आमचीच माणसं विचारायला लागली, काय झालं, गाडी का थांबली, चहा आला का. मी वळून म्हणाले, "गप्प बसा जरा." गिऱ्हाइकाशी असं बोलल्याबद्दल मालकांनी नंतर मला सुनावलं, सुनावू दे.

तात्या बराच वेळ बसले. मग काठी टेकून उठले. "बत्तीस," ते स्वतःच म्हणाले.

वर आलो तेव्हा जहाज सुटलं होतं. आम्ही मागच्या कठड्याला उभे राहिलो. तात्या मध्ये, मी एका बाजूला, मावशी त्यांच्या मागं, वारं लागू नये म्हणून. आधी माणसं दिसायची बंद झाली, मग घरं, मग धक्क्यावरची माल उचलायची उंच यारी, मग नुसती एक मळकी रेघ राहिली. मला कुणी कुणी येऊन विचारत होतं, जेवण किती वाजता, पांघरूण कुठं मिळेल. मी मान न वळवता "नंतर" म्हणत होते. या वेळी मी खाली जाणार नव्हते, कुणी मेलं तरी. तात्यांची नजर त्या रेघेवरून हलत नव्हती. त्यांनी हात कठड्यावर घट्ट धरले होते.

"आवं, गार लागतंय का? मफलर देऊ?" मागून मावशींनी विचारलं.

"न्हाई गं," तात्या तिच्याकडं वळून म्हणाले. मी त्या दोघांकडं बघत होते. त्यांचं ते वळणं, तिचं ते मफलर पुढं करणं. एवढंच. तात्या परत वळले, मीही वळले. चारी बाजूंनी पाणी होतं.

तात्यांनी डोळे बारीक केले. कठड्यावर थोडं पुढं वाकले. मग माझ्याकडं बघितलं. "तू बघितलीस?"

"नाही," मी म्हणाले. माझे डोळे भरून आले होते. "मी तुमच्याकडं बघत होते."

एक वर्ष. देवळाच्या पायऱ्या, तो आषाढ, ते तेरा. मला त्या माऊलीचा असा राग आला की काय सांगू, की बाई, तुझे प्रश्न निदान या घटकेला तरी थांबव. मी तोंड उघडणार होते.

"म्या बघत हुते की," मावशी म्हणाल्या. त्यांची नजर तात्यांच्या खांद्यावरून पलीकडं पाण्यावर होती. मफलर धरलेला हात तसाच पुढं होता. "म्या तिकडंच बघत हुते. मला इचारा."

तात्या बायकोकडं बघत राहिले. मग म्हणाले, "एकदम गेली, का हळूहळू?"

जागा बघून आलेल्या माणसानं आठवून सांगावं, तसा मावशींनी वेळ घेतला.

"हळूहळू हुती," त्या म्हणाल्या. "मग न्हवती."

तात्यांनी मान हलवली. मावशींनी त्यांच्या गळ्याभोवती मफलर नीट गुंडाळला, आणि त्यांनी तो गुंडाळू दिला.